अ‍ॅपर्चर लहान केल्याने फिल्टरचे काळे कोपरे जात नाहीत

जैनाबादच्या काठावरून तापीपलीकडचा बुऱ्हाणपूरचा शाही किल्ला टिपायचा, शिवाय पाणी मऊ धुकट दिसायला हवं, तर वाइड लेन्स आणि प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लागतो. लेन्सवर यूव्ही फिल्टर आधीपासूनच असतो. त्यावर सीपीएल (पोलरायझर), त्यावर एनडी चढतो आणि फोटोचे चारही कोपरे काळे येतात. मग बुऱ्हाणपुरात विचारा की जळगावात, सल्ला ठरलेला: "भाऊ, एफ ११ला न्या, जाईल."

नाही जात! हा सल्ला एका दुखण्याचं औषध दुसऱ्याला देतो. लेन्स पूर्ण उघडी असताना तिरपे किरण तिच्याच नळीच्या कडांवर अडतात आणि कोपरे मंदावतात. ते एफ ८च्या आसपास बरेच सुधारतात, हे खरं. पण फिल्टरची रिंग लेन्सच्या पुढे, दृश्याच्या थेट आड येते. अ‍ॅपर्चर मोठं असताना कोपऱ्याकडे जाणारा किरणांचा झोत जाड असतो. रिंग त्यातला काही भागच अडवते, म्हणून सावली पसरट दिसते. अ‍ॅपर्चर लहान केलं की झोत बारीक होतो आणि रिंगच्या आड येणारा झोत पुरताच अडतो. सावलीची कड रेखीव होते, टोकं ठार काळी पडतात. एनडी लावून लांब एक्स्पोजर घेताना तर आपण एफ ११, एफ १६च वापरतो. म्हणून चाचणी घ्यायची ती तिथेच: झूम सर्वांत वाइड, फोकस अनंतावर.

उपाय साधे आहेत. आधी यूव्ही काढा. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील किरण अडवणारी काच असतेच. तरी भागलं नाही तर १६ मिमीवरून २० मिमीवर या. नेहमीचंच काम असेल तर ६७ मिमीच्या लेन्सला स्टेप-अप रिंग लावून ७७ मिमीचे फिल्टर घ्या. रिंगची कड दृश्याबाहेर सरकते.

"व्ह्यूफाइंडरमध्ये तर स्वच्छ दिसत होतं." निकॉन डी ५६००ची माहितीपुस्तिका पाहा: व्ह्यूफाइंडर आडवी-उभी सुमारे ९५ टक्केच चौकट दाखवतो, कोपरे त्याच्या बाहेर राहतात.

"स्लिम फिल्टर घेतले की झालं." एक चालतो, तीन एकावर एक चढवले की पुन्हा जाडी आलीच.

"सॉफ्टवेअरमध्ये काढू." मंद कोपरा उजळतो, ठार काळ्यात उजळायला काही उरलेलंच नसतं, तो कापावा लागतो.

आणि सकाळी उत्तरेकडे पाहताना आकाशाच्या मधोमध उभा गडद पट्टा आला, तर दोष रिंगला देऊ नका. सूर्यापासून ९० अंशांवर सीपीएलचा परिणाम सर्वाधिक असतो आणि वाइड लेन्समध्ये त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचं फिकं आकाशही येतं. तिथे सीपीएल थोडा फिरवून परिणाम कमी करा.