घर विकायला काढताय? आधी नावं, मग रंग

आज बोलूया घर विकण्याबद्दल.

आपल्या महाड-पोलादपूरकडं कितीतरी घरं वर्षभर कुलूपबंद असतात. माणसं मुंबई-पुण्याला, घर उघडतं ते गणपतीला नाहीतर शिमग्याला. मग ओटीवर कुणीतरी विषय काढतं, "पडून राहण्यापेक्षा विकून टाकू." लगेच कुणी रंगवाल्याला फोन लावतं, कुणी कौलं मोजायला लागतं. पण गिऱ्हाईक आधी विचारतं, "घर कुणाच्या नावावर आहे?" आणि उतारा निघतो वारलेल्या सासऱ्यांच्या नावाचा. म्हणून घराची तयारी कागदापासून सुरू करायची.

ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढा. पण लक्षात ठेवा, तो घरपट्टीसाठी असतो. त्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की झाली, असं नाही. गावठाणातल्या घरांसाठी 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोननं मोजणी करून मिळकत पत्रिका देतात. आपल्या घराची पत्रिका तयार झाली का, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. घर गावठाणाबाहेर असेल तर जमिनीचा सातबारा बघा आणि त्यावर बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, तेही बघा. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर सरकारी परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला विकता येत नाही. घरकुल योजनेतलं घर असेल तर आधी पंचायत समितीत चौकशी करा.

त्यानंतर वारस नोंद. इथं बायांनी कान देऊन ऐका. वारस म्हणजे फक्त मुलगे नव्हेत. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र न करता माणूस वारला, तर त्याची बायको, त्याची आई, मुलगे आणि मुली, सगळेच वारस. वडिलोपार्जित मिळकतीत 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मानंच मुलाइतकी हिस्सेदार आहे. त्या दिवशी वडील हयात नव्हते तरी तिचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला सांगितलं. लग्न झालं म्हणून हिस्सा संपत नाही. मुस्लिम कुटुंबात वाटे शरियतप्रमाणे ठरतात, पण तिथंही मुलीला आणि विधवेला वाटा आहेच.

म्हणून घर विकायचं ठरलं की बहिणींना सही करायला बोलावतात. "फक्त सही कर, बाकी आम्ही बघतो," म्हणतात. तो कागद कसला आहे ते आधी विचारा. हक्कसोडपत्र असेल तर सही करून नोंदणी झाल्यावर तुमचा हिस्सा गेला, तो परत मिळवणं फार अवघड. कुलमुखत्यारपत्र असेल तर तुमच्या वतीनं दुसरा माणूस विकू शकतो. खरेदीखत असेल तर तुम्ही विकणाऱ्यांपैकी एक आहात, आणि तुमच्या वाट्याचे पैसे तुमच्या खात्यावर यायला हवेत. भावाला आपखुशीनं हिस्सा द्यायचा असेल तर जरूर द्या. पण काय देतोय ते समजून द्या, ओवाळणीच्या साडीवर नको. आणि भावांनो, तुम्हीही ऐका. बहिणीचं नाव लपवलं तर उद्या दावा लागतो आणि ठरलेलं गिऱ्हाईक निघून जातं.

नावं लागली की घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेचं बिल भरून पावत्या एका पिशवीत ठेवा. मग घराकडं वळा. पावसाळ्याआधी शाकारणी करा, फुटकी कौलं बदला. आढं आणि वासे ठोकून बघा, वाळवी असेल तर औषध मारा. दारं-खिडक्या उघडून घर आठ दिवस हवेशीर ठेवा, विहीर आणि परसदार साफ करा. एवढ्यावर रंगाचा एक साधा हात पुरे. फार मोठा खर्च करू नका, नवा मालक आपल्या सोयीनं बदल करणारच.

एक गोष्ट मात्र रंगाखाली झाकू नका. आपलं सव सावित्रीच्या काठी. 22 जुलै 2021 चं पाणी महाडकर विसरलेले नाहीत. घरात पाणी कुठवर चढलं होतं, मागच्या दरडीचा धोका आहे का, हे गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा. घरातला सहज न दिसणारा मोठा दोष सांगणं ही विकणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे.

सौदा ठरला की शंभराच्या स्टँपवर लिहून मोकळं होऊ नका. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं नोंदवलं तरच विक्री पुरी होते. इसाराची रक्कमही लिहून घ्या. आयकर कायद्याप्रमाणे घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, चेकनं किंवा बँकेतूनच घ्या. घेणाऱ्या घरातल्या बाईलाही सांगा, की 1 एप्रिल 2021 पासून आपल्या राज्यात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे.

आता एक काम. पुढच्या गटाच्या बैठकीला पासबुकाबरोबर आपल्या घराचा उतारा घेऊन या. सासरचाही आणि जमलं तर माहेरचाही. घर विकायचं नसलं तरी आणा. त्यावर कुणाचं नाव आहे आणि कुणाचं राहिलंय, ते सगळ्या मिळून वाचू.