पंधरा हजार डॉलरची पायरी

जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेला टेनिसपटू आणि सहाशेव्या क्रमांकाच्या आसपास असलेला टेनिसपटू हे दोघेही व्यावसायिक म्हणवले जातात. परंतु पहिल्याला त्याचा व्यवसाय पोसतो, तर दुसऱ्याला आपला व्यवसाय स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या पैशांनी पोसावा लागतो. पुण्यात हा फरक फार जवळून पाहता येतो, कारण या शहराने व्यावसायिक टेनिसच्या निरनिराळ्या पायऱ्या आपल्याकडे भरवल्या आहेत. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन ही ‘एटीपी २५०’ दर्जाची, म्हणजे विजेत्याला क्रमवारीचे २५० गुण देणारी, स्पर्धा होत असे. तिच्या खालच्या दर्जाची चॅलेंजर स्पर्धाही त्याच संकुलात होते, आणि डेक्कन जिमखान्यावर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, म्हणजे ‘आयटीएफ’ची, महिलांची स्पर्धा अनेक वर्षांपासून भरते. या शेवटच्या स्पर्धेला राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा आश्रय आहे. टेनिससारख्या उच्चभ्रू समजल्या जाणाऱ्या खेळाला कुक्कुटपालन व्यवसायाने इतकी वर्षे आधार द्यावा, ही गोष्ट पुण्याबाहेरच्या वाचकाला कदाचित नवलाची वाटेल.

शिडीची सर्वांत खालची पायरी पुरुषांसाठी ‘एम१५’ आणि महिलांसाठी ‘डब्ल्यू१५’ या नावाने ओळखली जाते. यातील पंधरा हा आकडा हजार डॉलरांचा असून तो विजेत्याचा नव्हे, तर संपूर्ण स्पर्धेच्या बक्षिसांचा आहे, आणि २०१६ पर्यंत तोही दहाच होता. एम१५ स्पर्धेतील एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर, उपविजेत्याला १,२७२ आणि उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ७५२ डॉलर मिळतात. बत्तीस जणांच्या मुख्य फेरीतील जे सोळा खेळाडू पहिलाच सामना हरतात, त्यांच्या वाट्याला प्रत्येकी १५६ डॉलर, म्हणजे साधारण तेरा-चौदा हजार रुपये येतात. त्यातून चाळीस डॉलरपर्यंतचे प्रवेशशुल्क आणि यजमान देशाचा कर वजा होतो. पात्रता फेरीत, म्हणजे मुख्य फेरीत जागा मिळवण्यासाठी आधी खेळाव्या लागणाऱ्या सामन्यांत, जो हरतो तो शुल्क भरून रिकाम्या हाताने परततो.

खर्चाची बाजू याहून बिकट असते. प्रवेशिका स्पर्धेच्या सुमारे अठरा दिवस आधी भराव्या लागतात, आणि ज्याचे नाव प्रतीक्षायादीत असते त्याला खेळायला मिळेल की नाही हे बरेचदा अखेरच्या दिवसांत कळत असल्यामुळे विमानाचे तिकीट स्वस्त असताना काढणे त्याला परवडत नाही. आपण मंगळवारी हरणार की रविवारी अंतिम सामना खेळणार हे कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे परतीचा दिवसही ठरवता येत नाही. दुहेरीत शनिवारपर्यंत टिकून राहिलेल्या खेळाडूला पुढच्या गावची रविवारी सुरू होणारी पात्रता फेरी गाठताना जी तारांबळ उडते, ती पाहता या पायरीवर जिंकणेसुद्धा कधीकधी महाग पडते असे म्हणावे लागते. खेळाडूंच्या बोलीत ज्याला ‘गटिंग’ म्हणतात, ते रॅकेटच्या तारा नव्याने ओढून घेण्याचे काम तर जवळजवळ प्रत्येक सामन्याआधी करावे लागते, कारण पॉलिस्टरच्या तारा काही तासांतच सैल पडतात. एका खोलीत दोघांनी राहणे, सरावासाठी प्रतिस्पर्ध्यालाच जोडीदार करणे आणि प्रशिक्षकाला घरी ठेवून एकट्याने फिरणे हे येथे रोजचेच झाले आहे.

आयटीएफने २०१३ च्या आकड्यांवरून केलेल्या पाहणीत प्रशिक्षकाचा खर्च सोडून वर्षाचा सरासरी खर्च पुरुषांसाठी ३८,८०० आणि महिलांसाठी ४०,१८० डॉलर निघाला होता, आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६ व्या, तर महिलांत २५३ व्या क्रमांकापर्यंतच होत होती. प्रशिक्षकाला सोबत घेतले की ही रेषा कितीतरी वर सरकते. भारताचा तेव्हाचा अव्वल एकेरी खेळाडू सुमित नागल याने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या बँक खात्यात केवळ ९०० युरो उरल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा एका फिरत्या प्रशिक्षकासह वर्षाला ८० लाख ते एक कोटी रुपये लागतात, असा हिशेबही त्याने मांडला होता. इंडियन ऑइलचा पगार आणि महाराष्ट्र ओपनचे संचालक प्रशांत सुतार यांच्या महा टेनिस फाउंडेशनची मदत हे त्याचे आधार होते. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना असलेल्या एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना आणली खरी, पण ती पहिल्या २५० खेळाडूंपुरती आहे. २५१ व्या क्रमांकाला तिचा उपयोग नाही.

इतका तोटा सोसून खेळाडू टिकून राहतो तो गुणांसाठी. एम१५ जिंकल्यास पंधरा गुण मिळतात, पहिली फेरी हरल्यास शून्य, आणि मिळालेला प्रत्येक गुण बावन्न आठवड्यांनी गळून पडतो. दुखापतीने चार-सहा महिने घरी बसलेल्या खेळाडूची मागच्या वर्षी त्याच महिन्यांत केलेली कमाई अशी आपोआप झडते. पैशापेक्षा गुणांचा धक्का किती मोठा असतो हे २०१९ मध्ये दिसले: आयटीएफच्या नव्या रचनेत पंधरा हजारांच्या स्पर्धांचे एटीपी गुण काढून घेण्यात आले, जगभरातून ओरड झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते परत द्यावे लागले.

या गुणांच्या शोधात खेळाडू ट्युनिशियातील मोनास्तिर, तुर्कस्तानातील अंताल्या किंवा इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे जातात, कारण तेथे हॉटेलच्या आवारातच कोर्ट असून एकामागून एक आठवडे स्पर्धा चालतात. परंतु १५६ डॉलर मोनास्तिरमध्ये मिळाले तर तो तोटा ठरतो आणि घरून स्कूटरवर डेक्कन जिमखान्याला जाऊन मिळाले तर ती कमाई ठरते. खालच्या क्रमांकाच्या पुणेकर खेळाडूसाठी गावातली छोटी स्पर्धा ही एखाद्या शिष्यवृत्तीपेक्षा कमी मोलाची नसते, आणि बक्षिसाच्या आकड्यावरून स्पर्धेची किंमत ठरवणाऱ्या चर्चांत नेमके हेच निसटते. स्थानिक आयोजकांच्या हातात ‘वाइल्ड कार्ड’, म्हणजे क्रमवारी न पाहता थेट प्रवेश देण्याचा अधिकारही असतो. पुण्याच्या अर्जुन कढेला महाराष्ट्र ओपनच्या एकेरीची मुख्य फेरी याच वाटेने खेळायला मिळाली. मूळची अहमदाबादची अंकिता रैना लहान वयात पुण्यात आली, हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली आणि मुख्यतः आयटीएफच्या स्पर्धांतून गुण साठवत मार्च २०२० मध्ये १६० व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. तिलाही ओएनजीसीतील नोकरीचा आधार होताच.

नोकरीखेरीज आणखी दोन वाटा पुण्याच्या खेळाडूंनी चोखाळल्या आहेत. पहिली अमेरिकेतील विद्यापीठाची. तेथे शिष्यवृत्तीवर शिक्षण, प्रशिक्षक आणि सामने एकत्र मिळतात. कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये, तर ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एममध्ये खेळली, आणि पुढे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. दुसरी वाट दुहेरीची. एकेरीत जेथे दार उघडत नाही तेथे दुहेरीत तुलनेने लवकर वर सरकता येते, हे ओळखून कढेने आपला भर तिकडे वळवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋत्विक बोल्लिपल्लीसह अल्माटी येथे एटीपी २५० दर्जाचे विजेतेपद मिळवले.

महाराष्ट्र ओपनचा आठवडा २०२४ पासून हाँगकाँगकडे गेला आणि पुण्यात हळहळ झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत बालेवाडीच्या चॅलेंजरमध्ये मात्र मोनाकोचा व्हॅलेंटिन वाशेरो हा शंभराबाहेरचा खेळाडू विजेता ठरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये शांघायची, एटीपी २५० हून बऱ्याच वरच्या दर्जाची, ‘मास्टर्स’ स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हाही तो २०४ व्या क्रमांकावर होता आणि तिथली सुरुवात त्याला पात्रता फेरीपासूनच करावी लागली होती.