पाचगाव : बांबूचा हिशेब गावाच्या वहीत

चंद्रपूर जिल्ह्याचे नाव घेतले की आधी कोळसा आठवतो. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खाणी, दुर्गापूरजवळचे २९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र, घुग्घुस आणि गडचांदूरचे सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. याच पट्ट्याला लागून गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. साठेक घरांची वस्ती, बहुसंख्य गोंड आदिवासी, थोडी धानाची शेती आणि भोवती बांबूचे जंगल.

उद्योगपट्ट्याच्या कडेला असलेल्या गावाच्या वाट्याला सहसा मजुरी आणि धूळ येते. पाचगावाने आपल्याच जंगलावर स्वतःचा उद्योग उभा केला. हे घडले कसे आणि चालते कसे, ते एकेक पायरी घेऊन पाहू. ही कृती गुप्त नाही. कायद्यात लिहिलेली आहे आणि कोणत्याही वनक्षेत्रातल्या गावाला वापरता येण्यासारखी आहे.

पहिली पायरी : जंगल कोणाचे?

मध्य प्रांताच्या काळापासून विदर्भातल्या गावांना ‘निस्तार’ हा शब्द ओळखीचा आहे. घराला बांबू, चुलीला सरपण, गुरांना चराई, खायला मोहफुले आणि कंद. या गरजा जंगलातून भागवण्याची मुभा म्हणजे निस्तार. पण ती मुभाच होती. विकण्याजोगा माल सरकारचा आणि सरकार तो ज्याला देईल त्याचा. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू कित्येक दशके पेपर मिलच्या वाटेने गेला. ज्यांच्या दारात तो उगवत होता, ते त्याच्या तोडणीवर मजूर म्हणून जात.

यात फरक पडला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. या कायद्यात दोन गोष्टी मोलाच्या आहेत. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू स्पष्टपणे घातला आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू ‘झाड’ धरला जात होता आणि सगळी अडचण तिथे होती. दुसरी गोष्ट म्हणजे गाव परंपरेने जे जंगल राखत आणि वापरत आले, त्याचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क. जमीन सरकारचीच राहते, गावाला ती विकता येत नाही. कारभार मात्र गावाचा.

दुसरी पायरी : दावा

हा हक्क मागायचा कोणी? ग्रामसभेने. इथे ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांची गल्लत होऊ देऊ नये. गट ग्रामपंचायतीत तीन-चार गावे एकत्र असतात आणि कारभार निवडून आलेले सदस्य पाहतात. वनहक्क कायद्यातली ग्रामसभा म्हणजे त्या एका गावातली सगळी प्रौढ माणसे, बाया आणि पुरुष दोघेही.

ही ग्रामसभा दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते. त्यात किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. समिती जंगलात फिरून शिवार ठरवते, शेजारच्या गावांशी बोलून हद्दीवर सहमती घेते, नकाशा काढते. पुरावे म्हणून निस्तार पत्रक चालते, जंगलातली देवस्थाने आणि जुने पाणवठे चालतात, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे जबाबही चालतात. मग दावा उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात खेपा, त्रुटी आणि स्मरणपत्रे यांत वर्षे जातात. पाचगावाला त्याचा हक्क २०१२ साली मिळाला, सुमारे १००६ हेक्टर जंगलावर. त्याआधी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वाट पाडली होती. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागतो आणि तो मिळत नव्हता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१२ च्या सुधारित नियमांनी तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे सोपवला. हक्क जंगलावर मिळाला तरी माल रस्त्यावर आणता आला नाही, तर तो कागदावरच राहतो.

तिसरी पायरी : बांबू तोडायचा कसा?

इथल्या जंगलातला बांबू रांजीने, म्हणजे दाट पुंजक्याने वाढतो. पावसाळ्यात जमिनीतून कोंब फुटतात. त्यांना इकडे ‘वास्ते’ म्हणतात आणि त्यांची भाजी करतात. वाचलेला कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो उंचीने किंवा जाडीने वाढत नाही, दोन-तीन वर्षे नुसता निबर होत जातो. नवे बांबू रांजीच्या कडेने येतात आणि जुने मध्यभागी अडकतात.

म्हणजे तोडायला योग्य बांबू आत असतो आणि हाताला सहज येणारा कोवळा बांबू बाहेर. नगावर मजुरी मिळणाऱ्या, उद्या दुसऱ्या जंगलात जाणाऱ्या माणसाचा कोयता साहजिकच बाहेरच्या बांबूवर पडतो. अशा तोडणीने रांजी मधे दाटते, गुंतते आणि हळूहळू मरते.

म्हणून शास्त्रशुद्ध तोडणीचे नियम असे : यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू राखायचा, म्हणजे तो पुढच्या कोंबांना पोसतो आणि रांजीला आधार देतो. घाव जमिनीलगत घालायचा नाही, पण वीतभरापेक्षा फार उंच खुंटही ठेवायचा नाही, कारण त्यात पाणी साचून कूज चढते. कंद खणायचा नाही. पावसाळ्यात कोयता लावायचा नाही. एकदा तोडलेल्या भागाला तीन-चार वर्षे विसावा द्यायचा आणि त्यासाठी जंगलाचे भाग पाडून एकेक भाग आळीपाळीने घ्यायचा.

पाळायला हे नियम अवघड नाहीत. अट एकच, की तोडणाऱ्याला चार वर्षांनी त्याच रांजीकडे परत यायचे असले पाहिजे. पाचगावात तोडणारा आणि राखणारा एकच आहे. संपूर्ण व्यवस्थेचा कणा हा आहे.

चौथी पायरी : विक्री आणि वही

व्यापारासाठी ग्रामसभेला बँकेत खाते लागते, पॅन क्रमांक लागतो, कर भरावा लागतो. तोडलेला बांबू लांबी-जाडीप्रमाणे वेगळा करून डेपोवर रचतात. घरबांधणी, मांडव आणि शेतीसाठी लांब बांबू जातो, तुकड्यांचे बंडल कागदासाठी. निविदा मागवून किंवा लिलावाने भाव ठरतो. गाडी निघताना वाहतूक परवाना फाडला जातो.

आलेल्या पैशातून आधी मजुरी चुकती होते. उरलेली रक्कम ग्रामसभेच्या खात्यात राहते. तिचे काय करायचे, हे सभा ठरवते. पाचगावाची उलाढाल पहिल्या काही वर्षांतच लाखांच्या घरात गेली. या भागातली माणसे हंगामात मिरची तोडायला तेलंगणाकडे जातात, लेकरांची शाळा मधेच सुटते. गावातच काम असले की हे जाणे थांबते.

पैसा आला की संशयही येतो. त्यावर पाचगावाने उत्तर काढले ते नियमांचे. गावाने एकत्र बसून, चर्चा करून, शंभराहून अधिक नियम लिहून काढले. जंगलाची राखण, कामाची वाटणी, हिशेब, सगळे त्यात आले. ज्यांनी नियम केले त्यांनीच ते पाळायचे असल्यामुळे वरून आलेल्या परिपत्रकापेक्षा त्यांचे वजन जास्त आहे. लेखक मिलिंद बोकील यांनी ‘कहाणी पाचगावची’ हे पुस्तक याच वाटचालीवर लिहिले. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनीही या गावाबद्दल आवर्जून लिहिले.

पाचवी पायरी : काय घ्यायचे नाही

मला सर्वांत मोठी वाटते ती ही पायरी. तेंदूपत्ता हे चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतले उन्हाळ्याचे हमखास उत्पन्न. पाचगावाने ते सोडले. पाने चांगली यावीत म्हणून खुटकटाई करतात, झुडपे छाटतात, कित्येकदा आगीही लावल्या जातात. त्या आगीत बांबूचे कोवळे फुटवे आणि बी जळते. शिवाय झाड छाटले की तेंदूची गोड फळे धरत नाहीत, आणि ती माणसांनाही लागतात, पाखरांना आणि अस्वलांनाही. गावाने बेरीज-वजाबाकी केली आणि पानावर पाणी सोडले. सुमारे ३४ हेक्टर जंगल तर त्यांनी देवराईसारखे राखून ठेवले. तिथे कोयता नाही.

यात दूरदृष्टीही आहे. हा बांबू साधारण चार दशकांनी एकाच वेळी फुलतो आणि मरतो. त्यानंतर पडलेल्या बियांतून नवे जंगल उभे राहायला अनेक वर्षे आग आणि चराई रोखावी लागते. उत्पन्न आटलेल्या त्या वर्षांत जंगल कोण राखील? ज्याला ते आपले वाटते तोच.

आपल्यासाठी

आज एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. सगळीकडे पाचगावासारखे घडलेले नाही. जिथे सभा भरत नाही, वही उघडी होत नाही, तिथे ठेकेदार मागल्या दाराने परत येतो. हक्काचा कागद ही सुरुवात आहे. त्यानंतरचे सगळे काम बैठकीत होते आणि ते दर महिन्याला, दर वर्षी पुन्हा करावे लागते.

पाचगावात जंगल तेच आहे, बांबू तोच, हातही तेच. निर्णय कोण घेतो आणि हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो, एवढे बदलले. तुमच्या गावाला वनहक्क मिळाला असेल, तर पुढच्या ग्रामसभेला जरूर जा, हिशेबाची वही मागा आणि ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा. गावाचा कारभार तिथूनच सुरू होतो.