एका लेखात दोन संदर्भसूची : आवश्यकता व रचना

शास्त्रीय लेखातील प्रत्येक विधान कोणत्या ना कोणत्या प्रमाणावर आधारलेले असते. आयुर्वेदीय लेखांत ही प्रमाणे एकजातीय नसतात. संहितेतील सूत्र, टीकाकारांचे विवरण आणि आधुनिक नियतकालिकांतील संशोधन ही सर्व एकाच लेखात शेजारी शेजारी येतात. ती सरसकट एकाच सूचीत लावल्यास कोणते विधान कोणत्या आधारावर केले आहे, हे वाचकास सहजी उमगत नाही. यास्तव संदर्भांच्या दोन स्वतंत्र सूची द्याव्यात, असे आमचे मत आहे.

गुडूचीचे उदाहरण घेऊ. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २५व्या अध्यायातील अग्र्य द्रव्यांत तिची गणना आहे. २०२१ मध्ये मुंबईतील चिकित्सकांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या ६ रुग्णांतील यकृतविकाराची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी आयुष मंत्रालयाने, त्या अभ्यासात द्रव्यातील घटकांची तपासणी झालेली नाही, असा आक्षेप नोंदविला. आज गुडूचीवर लिहिणाऱ्या वैद्यास या सर्वांचा परामर्श घ्यावा लागेल. परंतु पहिल्या संदर्भाची परीक्षा पाठ, आवृत्ती व टीका पाहून करावयाची. दुसऱ्याची परीक्षा द्रव्यनिश्चिती, मात्रा व रुग्णसंख्या पाहून करावयाची. परीक्षेचे निकष भिन्न असल्यामुळे सूचीही भिन्न असणे युक्त होय.

सूचींचे स्वरूप

पहिल्या सूचीत मूळ ग्रंथ व टीका घ्याव्यात. ‘च. सू.’, ‘सु. चि.’ एवढा संक्षेप पुरेसा नाही. सुश्रुतोक्त स्वस्थलक्षणाचा संदर्भ काही लेखांत सूत्रस्थान १५/४१, तर काहींत १५/४८ असा आढळतो; म्हणून संपादक, प्रकाशक व आवृत्तीचे वर्ष अवश्य द्यावे. चरकाच्या चिकित्सास्थानाचा अध्यायक्रमही सर्व आवृत्त्यांत सारखा नाही. तेथे क्रमांकासोबत अध्यायाचे नावही लिहावे. चक्रपाणींचे मत आयुर्वेददीपिकेच्या नावे आणि डल्हणांचे मत निबंधसंग्रहाच्या नावे स्वतंत्रपणे नोंदवावे. टीकाकाराचे विधान चरकाच्या नावावर जाणे हा प्रमाणदोष आहे. अनुवाद वापरला असल्यास तो अनुवाद म्हणूनच नोंदवावा.

दुसऱ्या सूचीत आधुनिक ग्रंथ व शोधनिबंध लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड व पृष्ठ या तपशिलांसह द्यावेत.

संगणकावरील रचना

वर्ड वापरणाऱ्यांसाठी सोपा उपाय आहे. ग्रंथसंदर्भ तळटिपांत व आधुनिक संदर्भ अंत्यटिपांत घालावेत. दोहोंचे क्रमांक स्वतंत्रपणे चालतात आणि मध्ये नवी टीप घातल्यास आपोआप बदलतात. एका मालिकेस अंक व दुसरीस अक्षरे द्यावीत.

प्रबंध वा ग्रंथ लाटेक प्रणालीत जुळविणाऱ्यांस दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला मल्टिबिब या पॅकेजचा. त्यात ‘न्यूसाइट्स’ या आज्ञेने दुसरी सूची घोषित केली की तिच्यासाठी संदर्भ देण्याची निराळी आज्ञा तयार होते. प्रत्येक सूचीची साहाय्यक फाइल वेगळी असल्याने बिबटेक प्रत्येक फाइलवर स्वतंत्रपणे चालवावे लागते. हे राहून गेल्यास त्या सूचीतील संदर्भांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

दुसरा मार्ग बिबलाटेक व बायबर यांचा. देवनागरी नोंदींसाठी आम्ही हाच सुचवितो, कारण बायबर युनिकोड लिपी जाणतो. येथे प्रत्येक नोंदीच्या ‘कीवर्ड्स’ या रकान्यात तिचा वर्ग लिहावयाचा आणि लेखाच्या शेवटी सूची छापण्याची आज्ञा दोनदा द्यावयाची. पहिल्या वेळी ‘संहिता’ हा वर्ग निवडून, दुसऱ्या वेळी तो वगळून. लेखातील संदर्भ देण्याची आज्ञा मात्र एकच राहते.

घ्यावयाची दक्षता

१. दोन्ही सूचींत १ हा क्रमांक आल्यास वाचक संभ्रमात पडतो. म्हणून ‘सं. १’, ‘आ. १’ असे उपसर्ग लावावेत.

२. दोन्ही वर्ग नावानिशी निवडल्यास, वर्ग लिहावयाचा राहिलेली नोंद कोणत्याच सूचीत छापली जात नाही. दुसरी सूची ‘संहिता वगळून उरलेले सर्व’ अशी ठेवल्यास ती नोंद निदान तेथे दिसते व चूक लक्षात येते.

३. मुद्रणास देण्यापूर्वी लेखातील प्रत्येक क्रमांक सूचीशी ताडून पाहावा. यंत्र क्रम लावते. वर्ग योग्य आहे की नाही, हे त्यास कळत नाही.

सूची विभागल्याने कोणतेही प्रमाण श्रेष्ठ वा कनिष्ठ ठरत नाही. ते उघड मात्र होते. ‘शास्त्रात असे म्हटले आहे’ या वाक्यावर औषध व मात्रा ठरविणाऱ्या वैद्यास ते कोणत्या शास्त्रात, कोणी व कोठे म्हटले, हे पडताळता आले पाहिजे. रुग्णाच्या हिताशी संबंध असल्याने लेखक वैद्यांनी एवढे परिश्रम अवश्य घ्यावेत.