कॉर्नफ्लेक्सची बिअर

बिअर मुळात जवाची, म्हणजे बार्लीची. जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मोड फार वाढण्याआधीच दाणा गरम हवेत वाळवतात. अशा दाण्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात विकरे, म्हणजे पिष्टाची साखर करणारी प्रथिने, तयार होतात. भरडलेला माल्ट सुमारे ६३ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरवला की ही विकरे आपले काम करतात, आणि निथळून घेतलेला गोड रस हॉप्सच्या फुलांबरोबर उकळून गार केल्यावर त्यात यीस्ट घातले की साखरेचे अल्कोहोल होते. माल्टमधली विकरे स्वतःच्या पिष्टाला पुरून उरतात, त्यामुळे शेजारी दुसरे धान्य घातले तर त्याच्याही पिष्टाची साखर होऊ शकते.

अडचण एवढीच की कच्च्या मक्याचे किंवा तांदळाचे पिष्ट घट्ट कणांत बांधलेले असते आणि ते गरम पाण्यात फुगून फुटल्याशिवाय विकरांना नीट हाती लागत नाही. या दोन धान्यांचे पिष्ट फुलण्यास माल्ट मुरवण्याच्या तापमानाहून बहुधा अधिक उष्णता लागते, म्हणून मोठ्या कारखान्यांत ती वेगळ्या भांड्यात शिजवून घ्यावी लागतात. न्याहारीच्या धान्यपदार्थांची सोय नेमकी येथे आहे, कारण धान्य वाफवणे, शिजवणे आणि रुळांखाली चपटे करणे ही कामे कारखान्यातच उरकलेली असतात. भात भिजवून, भाजून आणि दाबून केलेले पोहे नुसत्या पाण्याने मऊ होतात, ते याच कारणाने. मात्र या उष्णतेत धान्याची स्वतःची विकरे निकामी होतात, त्यामुळे केवळ कॉर्नफ्लेक्सची बिअर होत नाही. माल्टचा वाटा मोठाच ठेवावा लागतो.

डब्यातला मका निव्वळ मका नसतो, ही दुसरी बाजू. प्रचलित कॉर्नफ्लेक्समध्ये साखर, मीठ आणि चवीसाठी माल्टचा अर्क असतो. साखर यीस्ट सहज खाते, पण मीठ शेवटपर्यंत बिअरमध्ये राहते. पोषणासाठी मिसळलेले लोह बिअर लवकर शिळी करू शकते. मक्याने बिअरचा रंग आणि घट्टपणा हलका होतो. ओटची गोष्ट उलट आहे: त्यातील बीटा-ग्लुकान या चिकट तंतुमय घटकामुळे काळ्या स्टाउट बिअरला गुळगुळीत, भरीव पोत येतो, पण तोच चिकटपणा रस निथळणे रोखतो. सोललेल्या ओटला टरफल नसल्याने गाळणीचा थर सैल राहत नाही, म्हणून घरगुती बिअर करणारे त्यात भाताचे तूस मिसळतात. ओटमधील तेल जास्त झाले तर फेसही टिकत नाही. चॉकलेट लावलेले किंवा रंगीबेरंगी प्रकार मात्र गंमत म्हणूनच ठीक. त्यांच्यात धान्यापेक्षा साखर आणि सुगंधच बोलतात.

अमेरिकेत घरी बिअर करण्यास संघराज्य पातळीवर मोकळीक मिळाली ती राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्येच गेली होती. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्यनिर्मिती करणे दारूबंदी कायद्याने गुन्हा ठरते, त्यामुळे येथे हा विषय वाचण्यापुरताच.

चपट्या धान्याच्या न्याहारीचे एक जनक डॉ. जॉन हार्वी केलॉग हे मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील आरोग्यधामाचे प्रमुख आणि मद्याचे कट्टर विरोधक होते. त्यांना या प्रक्रियेचे पेटंट १८९६ मध्ये मिळाले आणि त्यांचे धाकटे बंधू विल कीथ यांनी १९०६ मध्ये कॉर्नफ्लेक्सची कंपनी काढली. पुढे २०१८ मध्ये, त्याच नावाच्या कंपनीच्या मँचेस्टर येथील कारखान्यात आकार किंवा भाजणी बिघडल्यामुळे बाद ठरलेले कॉर्नफ्लेक्स तिथल्याच एका बिअर कारखान्याने माल्टच्या काही भागाऐवजी वापरले आणि त्यांची बिअर बाजारात आणली.