नदीतील बेटे आणि काठावरच्या भट्ट्या
(लेखांक सहावा : मदकू द्वीप व राजीम)

मागील लेखांकात आपण घारापुरीस होतो. तेथील शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांतील माणसे बेटावरच जन्मतात, तेथेच संसार थाटतात, आणि लेणी पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांच्या पायरवावर त्यांच्यापैकी पुष्कळांचा चरितार्थ चालतो. आमच्या छत्तीसगढाला समुद्र नाही. परंतु रायपुरापासून एका दिवसात जाऊन येण्याजोगी दोन स्थाने अशी आहेत की, जेथे नदीनेच आपल्या पात्रात थोडी भूमी वेगळी राखून ठेवली आहे. या स्थानांचा विशेष असा की, तेथे गावकी नाही, बाजारपेठ नाही, आणि तरीही वर्षातील काही दिवस तेथे हजारोंची पंगत बसते. या पंगतीचे अन्न येते कोठून, हा आजच्या लेखांकाचा विषय.

रायपूर-बिलासपूर हमरस्त्यावरील बैतलपूर सोडून शिवनाथ नदीकडे वळले म्हणजे मदकू द्वीप लागते. नदी येथे दुभंगून दोन धारांनी वाहते आणि पुढे पुन्हा एक होते. मधल्या वृक्षाच्छादित भूमीचा संबंध लोकश्रद्धेने मांडूक्य ऋषींशी जोडला आहे. 2011 साली राज्याच्या पुरातत्त्व विभागाने येथील टेकाडे उकरली, तेव्हा रतनपूरच्या कलचुरींच्या काळातील लहान लहान देवालयांची एक रांगच्या रांग मातीखालून प्रकट झाली. याच बेटावर 1909 सालापासून दर वर्षी फेब्रुवारीत ख्रिस्ती बांधवांचा मेळा भरतो. झाडांखाली राहुट्या पडतात, कुटुंबेच्या कुटुंबे तेथे मुक्काम करतात, प्रार्थना होतात, सोयरिकी जुळतात. एका लहानशा भूखंडावर दोन धर्मांची माणसे आपापल्या ऋतूत येऊन नांदतात, हे मला त्या उत्खननाइतकेच मोलाचे वाटते.

मेळा हिंदूंचा असो वा ख्रिस्तींचा, परतणाऱ्या माणसाच्या पदराला जी पुडी बांधलेली असते तिच्यात बहुधा मुर्रा, लाई, फुटाणे किंवा उखरा असतो. मुर्रा म्हणजे आपले चुरमुरे, लाई म्हणजे साळीच्या लाह्या, आणि उखरा म्हणजे गुळाच्या पाकात घोळवलेला तोच खाऊ. महाराष्ट्रात हे काम भडभुंज्याचे. छत्तीसगढात ते मुख्यत्वे केवटांचे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या बृहद्ग्रंथात दुर्ग, रायपूर व बिलासपूर या जिल्ह्यांतील केवटांचे व्यवसाय मासेमारी, नाव चालवणे, धान्य भाजणे आणि शेती असे नमूद केले आहेत. जाळे, वल्हे आणि भट्टी एकाच घरात कशी नांदतात, याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. परंतु भट्टीपुढे घटकाभर बसले म्हणजे ते ओसरते, कारण या भट्टीलाही नदीच लागते.

धान आधी उकडून, वाळवून, कांडून घेतलेले असते. त्या उकड्या तांदळाला मिठाच्या पाण्याचा हात लावून मंद आचेवर परततात, आणि मग धगधगत्या वाळूत मूठमूठ टाकतात. वाळू बारीक, धुतलेली, मातीचा अंश नसलेली हवी. ती दाण्याला सर्व बाजूंनी एकाच क्षणी ताप देते. दाण्यातील राहिलेल्या ओलाव्याची वाफ होते, उकडण्याने मऊ झालेले पिष्ट त्या वाफेच्या रेट्याने ताणले जाते, आणि ज्या तांदळाचा एरवी भात व्हावयाचा तो डोळ्यांदेखत कित्येक पटींनी फुलून वर येतो. लगोलग चाळणीने वाळू खाली पाडावी लागते. पळभर उशीर झाला तर दाणा करपतो, आणि वाळू पुरती तापलेली नसेल तर तो फुलतच नाही. वाळू केव्हा तयार झाली हे कोणतेही यंत्र न लावता केवळ तिच्या रंगावरून आणि वासावरून ओळखणारी केवटीण ही माझ्या मते आमच्या प्रांतातील एक श्रेष्ठ कारागीर आहे, आणि तिला कारागीर म्हणण्याची रीत अजून पडलेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पूर्वीच्या राजवटींना मात्र अशा हातांची दखल घ्यावी लागत असे, ती वसुलीच्या निमित्ताने का होईना. बिंबाजी भोसले 1758 ते 1787 पर्यंत रतनपुरास होते. त्यांच्या काळापासून येथील दफ्तरात मोडी अक्षर आले आणि दसऱ्याला सोने लुटण्याची चालही रुजली, असे येथील इतिहासकार सांगतात. भोसल्यांच्या अमलात जमीनमहसुलाखेरीज जमीनदारांकडून टाकोळी, मालाच्या ने-आणीवर सायर, मद्यावर कलाली, आणि शेती न करणाऱ्या धंदेवाईक रयतेवर पांढरी अशा बाबी वसूल होत. पांढरी म्हणजे गावठाणाची जमीन, तेव्हा तिच्यावर राहून हाताने काही निर्माण करणाऱ्याचा हा कर. कर जाचकच असणार. तथापि धंदा करणारा माणूस जमाखर्चाच्या कागदावर दिसत होता. आजच्या पर्यटनाच्या कागदांवर देवालयांची छायाचित्रे दिसतात, मार्गांचे नकाशे दिसतात, भट्टी दिसत नाही.

दुसरे स्थान राजीमचे. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमात उंच अष्टकोनी जोत्यावर कुलेश्वर महादेवाचे प्राचीन देवालय उभे आहे. पावसाळ्यात चोहीकडे पाणी असते आणि उन्हाळ्यात चोहीकडे वाळू, म्हणजे हे वर्षातून काही महिनेच बेट असते. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथील मेळा भरतो. काठावरील राजीवलोचनाच्या मंदिरात तांदळाच्या पिठाचा, तुपासाखरेचा पीडिया प्रसाद म्हणून मिळतो; मेळ्यात बेसनाची खारी ठेठरी आणि कणकेची गोड खुरमी यांचे ढीग असतात. आणखी एक पीक नदीच स्वतः देते. वैनगंगेच्या काठच्या वाचकांना डांगरवाड्या ठाऊक आहेतच. तशाच येथे पाणी ओसरलेल्या वाळूत चर खणून, ओल लागताच खत घालून, कलिंगडे, खरबुजे आणि काकड्या लावतात. मृग नक्षत्रापूर्वी सर्व काही काढून घ्यावे लागते, कारण त्या जमिनीचा सातबारा नदी दर वर्षी पुसून टाकते.

या दोन्ही स्थानी जाणाऱ्या वाचकास माझी विनंती इतकीच की, माघाच्या शेवटी जावे, देवदर्शन झाल्यावर काठावरच्या गावात भट्टीची चौकशी करावी, आणि वेष्टनातील वेफरांऐवजी टोपलीतील ताजा उखरा मापाने घ्यावा. पर्यटन खात्याने मदकूच्या घाटावर चार भट्ट्यांपुरते छप्पर आणि सरपणाची सोय करून दिली, तर पाहुण्यांस भूक भागवण्याबरोबर एक विद्या पाहावयास मिळेल. खर्च किरकोळ आहे आणि केवटांच्या पोरींना आईचे काम शिकण्यास कारण उरेल.

पुढील आठवड्यात महानदीच्या धारेने ओडिशात उतरून हिराकूडच्या जलाशयातील त्या बेटाकडे जाऊ, जेथे विस्थापित गावकऱ्यांच्या मागे राहिलेल्या गुरांचा वंश आज रानटी होऊन चरतो आहे.