मक्याच्या पिठातून निघालेली गाळणी

पावसाळा आला की घरोघरी नळाच्या तोंडाला फडके बांधले जाते, पिंपात तुरटी फिरवली जाते आणि कुणाला जरा कसर वाटली की डॉक्टर बजावतात, "पाणी उकळून प्या!" यातले काहीच वाया जात नाही. फडक्याने कचरा अडतो, तुरटीने गाळ खाली बसतो, उकळल्याने जंतू मरतात. पण साखरेचे पाणी फडक्यातून गाळून त्यातली गोडी कुणाला वेगळी काढता आली आहे काय? कीटकनाशके, औषधांचे अंश, प्लास्टिकमधून सुटणारी द्रव्ये ही मंडळी पाण्यात अशीच विरघळून बसतात. उकळल्यावर त्यांतली काही उडून जातात. काही मात्र जागची हलत नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे किंचित दाटच होतात.

त्यांतले एक अतिशय चिवट द्रव्य म्हणजे पीएफओए. तव्याला पदार्थ चिकटू नये म्हणून जो लेप देतात, तो बनवताना ते वर्षानुवर्षे वापरले गेले. निसर्गात ते कुजत नाही. २०२४ साली अमेरिकेने पिण्याच्या पाण्यातली त्याची मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम ठरवली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! (गृहिणींनी लगेच तवे फेकू नयेत. तयार लेपात ते फारसे उरत नाही. खरा प्रश्न कारखान्यांच्या आसपासच्या पाण्याचा आहे.)

अशा द्रव्यांवरचा जुना उपाय म्हणजे सक्रिय कोळसा. आपल्या कोकणातल्यासारखी नारळाची करवंटी घ्यावी, ती हवा न लागू देता भाजावी, मग तापलेल्या वाफेचा मारा करून तिला असंख्य बारीक छिद्रे पाडावीत, की झाला तो तयार. छिद्रांच्या आतल्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. या भिंतींना द्रव्ये चिकटून राहतात. याला अधिशोषण म्हणतात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणारे मुखवटे याच कोळशाने भरत आणि त्यासाठी १९१८ साली अमेरिकेत पीच फळाच्या कोयी घरोघरी जमवल्या जात होत्या.

कोळशाची खोड अशी की तो निवडक नाही. कुजलेल्या पाल्याचा रंगही तो गिळतो आणि त्यातच त्याची छिद्रे बुजतात. ती पुन्हा मोकळी करायची, तर शेकडो अंशांच्या भट्टीत तो भाजावा लागतो.

इथे बहुवारिके पुढे येतात, म्हणजे ज्यांना सारे पॉलिमर म्हणतात ती. १८९१ साली व्हिलिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला पिष्टावर जंतूंची क्रिया झाल्यावर काही स्फटिक मिळाले. तेच सायक्लोडेक्स्ट्रिन. त्याच्या 'बीटा' प्रकारात ग्लुकोजचे सात रेणू हातात हात घालून फेर धरतात आणि बिनबुडाच्या इवल्या पेल्याचा आकार होतो. पेला बाहेरून पाण्याशी सलोखा ठेवतो, आतून मात्र त्याची वृत्ती तेलकट! त्यामुळे पाण्यात अवघडून बसलेला सेंद्रिय रेणू त्या पोकळीत आपणहून शिरतो. अडचण एकच: पेला स्वतःच पाण्यात विरघळतो. विरघळणारी गाळणी काय कामाची?

पेले एकमेकांना जोडून न विरघळणारा पदार्थ पूर्वीही झाला होता, पण तो घट्ट, छिद्रांविना. कॉर्नेल विद्यापीठातले विल्यम डिक्टेल आणि त्यांचे सहकारी यांनी ताठ रेणूंचे दुवे वापरले. दुवे वाकत नसल्याने पेल्यांना एकमेकांना बिलगता येईना आणि मधे छिद्रे राहिली. हे काम २०१६ साली 'नेचर'मध्ये छापून आले. मौज अशी की या भुकटीचा पृष्ठभाग ग्रॅमला २६३ चौरस मीटरच, म्हणजे कोळशापेक्षा पुष्कळ कमी. तरीही बिस्फेनॉल-ए ती कोळशाहून कितीतरी वेगाने टिपते. (हे प्लास्टिकमधले द्रव्य शरीरातल्या संप्रेरकासारखे वागते. २०११ साली युरोपीय संघाने बाळांच्या बाटल्यांत त्याला मनाई केली.) अवघ्या दहा सेकंदांत बहुतेक काम उरकते. याचे कारण, घर मोठे असण्यापेक्षा दार चटकन सापडणे महत्त्वाचे! शिवाय नेहमीच्या तापमानाला मिथेनॉलने धुतली की भुकटी पुन्हा कामाला तयार. त्यासाठी भट्टी लागत नाही.

पुढे २०१७ साली दुवा बदलून याच घराण्यातले दुसरे बहुवारिक बनले. त्याने पीएफओए लिटरला १००० नॅनोग्रॅमवरून १० नॅनोग्रॅमच्या खाली आणले.

पण चाणाक्ष वाचक विचारील, धुतलेल्या मिथेनॉलमध्ये गेलेल्या विषाचे काय? केर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात लोटला तर घर झाडले असे आपण म्हणत नाही. शंका रास्त आहे. गाळणी विष पकडते, मारत नाही. या द्रव्यांतला कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध फार बळकट असल्याने ती जाळायलाही फार मोठी उष्णता लागते. २०२२ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डिक्टेल यांच्याच प्रयोगशाळेने यावर तोड काढली. कॉस्टिक सोडा आणि डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रावकात १२० अंशांच्या आतच पीएफओए फुटते. जिलेबीच्या कढईतले तेलसुद्धा याहून जास्त तापते. मात्र त्याचे गंधक असलेले भावंड, पीएफओएस, या उपायाला अजून दाद देत नाही.